वर ओढणारं वजन

मन्मथअप्पा रोज सकाळी माझ्या दुकानात येतात आणि बोहनीच्या आधी काट्यावर कॅमेरा ठेवतात.

किराणा दुकानदाराला बोहनी म्हणजे काय असते हे ज्याला ठाऊक आहे, त्याला माझी तळमळ कळेल. दुकान झाडून, उंबऱ्यावर पाणी शिंपडून, उदबत्ती लावून मी बसलेलो असतो आणि पहिलं गिऱ्हाईक कोण, तर काहीच न घेणारं. काट्यावर पहिला जिन्नस कोणता, तर कॅमेरा. तोही साधासुधा नाही, पाण्याखाली फोटो काढायचा. आणि हे कुठं, तर निलंग्यात. नळाला पाणी आलं की जिथं लोक एकमेकांना फोन करून कळवतात, तिथं या गृहस्थानं पाण्यात बुडवायचा कॅमेरा घेतला.

"अप्पा, आधी कुणाला तरी छटाकभर जिरं विकू द्या की," मी म्हणतो.

"कॅमेरा काय तुझ्या काट्याला चावूलालाय का?" अप्पा म्हणतात. मग आकडा बघतात आणि त्यांचं तोंड उतरतं. "आजून जडच हाय."

माझं दुकान बसस्टँडच्या रस्त्याला आणि त्याला भिंत लागून अप्पांचा फोटो स्टुडिओ. मागच्या अंगाला आमची घरंही शेजारी शेजारी. अप्पा सत्तरीला टेकलेत, पण गडी अजून असा की माझ्या दुकानातलं साखरेचं पोतं एकट्यानं उचलून रिक्षात टाकतो. आता असल्या माणसाला दोन मुठींएवढा कॅमेरा जड का व्हावा? मी स्वभावानं चौकस आहे. बायको त्याला भोचक म्हणते. पण दुकानदारानं चौकस नसावं तर कुणी असावं?

अप्पांचं एक पालुपद आहे, ते आधी सांगायला पाहिजे. जन्मभर फोटो काढल्यामुळे म्हणा किंवा मुळातच म्हणा, हा माणूस फोटोशिवाय कशावरच विश्वास ठेवत नाही. शेतात दोन माणसांएवढा साप निघाला म्हणून कुणी सांगायला आलं, की अप्पा चष्मा कपाळावर ढकलून विचारणार, "फोटू हाय का?" औरादला काल ढगफुटी झाली म्हणा. "फोटू हाय का?" एकदा आमच्या गल्लीतला एकजण रडत रडत आला आणि म्हणाला, "अप्पा, आमचे तात्या गेले." अप्पांच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "फोटू हाय का?" मी तर डोळेच मिटून घेतले. पण त्या बिचाऱ्यानं खिशातून तात्यांचा पासपोर्ट फोटो काढून दिला आणि म्हणाला, मोठा करून द्या, हाराचं माप ठेवा. ती एक सवय त्या दिवशी धंद्याला उपयोगी पडली.

दुसरी गोष्ट म्हणजे अप्पांना पोहता येत नाही. नुसतं येत नाही असं नाही, पाणी बघूनच ते दोन पावलं मागं सरतात. नांदेडला लग्नाला गेलो होतो तेव्हा सगळे गोदावरीत उतरले, अप्पांनी पायरीवरून दोन बोटं ओली करून डोक्याला लावली आणि म्हणाले, "झाली आंघोळ." त्यांच्या उजव्या घोट्याला एक काळा दोरा आहे. पाण्यापासून जपा, असं कुणीतरी जाणत्यानं सांगितलं म्हणून काकूंनी म्हणजे त्यांच्या बायकोनं तो बांधलेला. अप्पा माझ्या दुकानात तेलाच्या डब्यावर पायावर पाय टाकून बसले, की पायजमा वर सरकून तो दोरा दिसतो.

तर असल्या माणसानं पाण्याखालचा कॅमेरा मागवला आणि रोज तोलायला लागला.

त्या सामानाची नावं अप्पांनी आपल्या सोयीनं ठेवली होती. मूळ कॅमेरा खिशात मावेल असा. तो पाण्यात नासू नये म्हणून त्याला आरपार दिसणारी कडक प्लास्टिकची पेटी, तिला अप्पा 'डबा' म्हणत. धरायला खाली पट्टी आणि मूठ, ती 'दांडी'. पाण्यात अंधार असतो म्हणून वर 'बत्ती'. एकेक जिन्नस काट्यावर ठेवला तर हलका. सगळं एकत्र जोडलं की काट्याचा आकडा सरसर वर जायचा.

"नवरदेव हलकाच असतोय बालाजी," अप्पा मला म्हणाले. "वऱ्हाड जड असतंय."

मग त्यांनी वऱ्हाड कमी करायला घेतलं. दांडीला भोकं पाडली. लोखंडी स्क्रू काढून प्लास्टिकचे बसवले. गळ्यात अडकवायचा जाड पट्टा फेकून पायजम्याची नाडी लावली. प्रत्येक कामगिरीनंतर स्वारी माझ्या काट्यावर हजर. "पाव किलोच्या आत आलं पायजे," हा एकच ध्यास. एकदा मला म्हणाले, "बॅटरी काढून बगू का?"

"मग फोटो कसा निघणार अप्पा?"

"त्येच तर," म्हणाले आणि उदास होऊन तेलाच्या डब्यावर बसले.

गावात बातमी अर्धवट पोचली. अप्पा वजन कमी करूलालेत, एवढंच लोकांना कळलं. कुणी त्यांना सकाळी लिंबू-मध घ्यायला सांगितलं, कुणी भात सोडायला. कचेरीत खेटे घालून दमलेला एक शेतकरी माझ्या दुकानात गूळ घेत होता. तो म्हणाला, "अप्पा, आमाला तर कागद हलायला वजन वाढवून ठिवावं लागूलालंय, तुमी कामून कमी करूलालाव?" अप्पा हसले नाहीत. आकड्याकडेच बघत होते.

मग एका सकाळी ते बादली घेऊन आले. "हवेतलं बगितलं. आता पाण्यातलं वजन करायचंय."

माझा काटा इलेक्ट्रॉनिक. त्याला पाण्याचा थेंब लागला तर कारागीर लातूरहून बोलवावा लागतो. मी साफ नाही म्हणालो. अप्पांनी माळ्याकडे बोट दाखवलं. तिथं माझ्या वडिलांचा जुना ताजवा होता, दोन पारड्यांचा, हातात धरून तोलायचा. दिवाळीला लक्ष्मीपूजनात त्याला हळदकुंकू वाहायचं आणि परत वर ठेवून द्यायचं, एवढंच त्याचं काम उरलेलं. का कोण जाणे, मी शिडी लावली आणि तो खाली काढला. अप्पांबद्दलच्या मायेनं काढला असं मी सांगतो. बायको म्हणते, पुढं काय होतंय ते बघायला काढला.

एका पारड्याच्या जागी अप्पांनी दोऱ्यानं कॅमेरा बांधला, डब्यासकट. दुसऱ्या बाजूला पारडं रिकामंच. मी ताजवा धरला, अप्पांनी बादली खाली सरकवली. कॅमेरा पाण्याला टेकला, हातानं आत दाबला आणि सोडला, तर तो टुणकन वर आला. दोरा ढिला पडला आणि रिकामं पारडं धाडकन खाली बसलं. साखरेला आलेली बाई साखर विसरून बघत उभी राहिली.

"सुटलाव अप्पा," मी म्हणालो. "पाण्यात वजनच नाही."

अप्पांनी मान हलवली. "वर ओढूलालंय ते. हातानं दाबून धरावं लागंल. वर ओढणारं बी वजनच असतंय बालाजी."

मग बत्ती जोडली. आता बादलीच्या तळाला जाऊन बसला. बत्ती काढली की वर, लावली की खाली. अप्पा दोन-चार दिवस दिसले नाहीत. आले ते हातात वाळक्या भोपळ्याची कवटी घेऊन. आमच्याकडं पोरं विहिरीत पोहायला शिकतात तेव्हा पाठीला वाळका भोपळा बांधतात, तसला. त्याचे तुकडे रंग देऊन, मेणानं बुजवून, त्यांनी दांडीला बांधायला सुरुवात केली. एक तुकडा जास्त झाला की कॅमेरा तरंगे, कमी झाला की बुडे. रोज थोडं तासायचं, रोज बादली. शेवटी एका सकाळी अप्पांनी कॅमेरा पाण्यात सोडला आणि तो मध्येच थांबला. वर येईना की खाली जाईना. बादलीत नुसता लटकून राहिला. मलाही तेव्हा बरं वाटलं, उगीच कशाला खोटं बोलू.

पण हे सगळं कशासाठी, ते काही कळेना. आणि त्यात भर म्हणजे फुटाणे.

अप्पांना दात नाहीत म्हटलं तरी चालेल, आणि ते माझ्याकडून फुटाणे न्यायला लागले. आज शंभर ग्रॅम. दुसऱ्या दिवशी सव्वाशे. मग दीडशे. मग पुन्हा सव्वाशे. सुटे नाही, कागदाची पुडी दोऱ्यानं बांधून. कुणाच्या घरात काय शिजतं हे मला डाळीच्या प्रकारावरून कळतं. कुणाकडं पाहुणे आलेत ते साखरेवरून कळतं. पण हा फुटाण्याचा हिशेब मला उलगडेना. शेवटी एके दुपारी अप्पा बादली दुकानात विसरले, ती द्यायच्या निमित्तानं मी त्यांच्या घरी गेलो.

नागरबाईकाकू आत बाजेवर बसल्या होत्या. काकूंचं सांगायचं तर, एके काळी त्यांचा आवाज परसातून निघून माझ्या दुकानात पोचायचा. "बालाजी, जिरं पाठीव, मागल्या खेपंचं किडकं होतं." जिरं किडकं नसायचं. पण काकूंशी भांडून कोण जिंकणार? मागल्या वर्षी त्यांना लकवा मारला. पाय सुधारला, बोलणंही परत आलं. उजवा हात मात्र राहिला. डॉक्टर म्हणाले वापरला तर येईल, पण काकूंनी तो मांडीवर ठेवून दिला तो दिलाच. आणि बोलता येत असून बोलणं सोडलं. आमच्या गल्लीला शांतता लागली आणि ती कुणालाच मानवली नाही.

मी दारातच थांबलो. आत अप्पा म्हणत होते, "हे घे गं, डब्यात ठीव. डाव्यानं नगं, उजव्यानं."

काकूंनी उजव्या हातात पुडी घेतली. हात वर आला, थरथरला आणि पुडी निसटली. फुटाणे घरभर. काकू फुटाण्यांकडे बघत बसल्या. अप्पा लगेच गुडघ्यावर बसून वेचायला लागले आणि म्हणाले, "त्या बालाजीनं पुडी ढिली बांधली."

मी जन्मात कधी पुडी ढिली बांधली नाही. माझ्या पुडीचा दोरा दातानं सुटत नाही म्हणून गिऱ्हाईक शिव्या देतं. पण मी पुढं होऊन म्हणालो, "हो काकू, माझंच चुकलं. घाईत बांधली."

बाहेर आल्यावर अप्पा ओट्यावर बसले आणि न विचारता सांगायला लागले.

काकूंचं माहेर मुखेडकडचं एक खेडं. तिथं पायऱ्यांची मोठी विहीर आहे, उन्हाळ्यातही न आटणारी. काकू लहानपणी त्या विहिरीत सूर मारून तळ गाठायच्या. तळ गाठला हे कुणी मानायचं, तर वर येताना मुठीत गाळ पाहिजे. काकूंची मूठ कधी रिकामी आली नाही म्हणे. आणि एकदा तळाकडं जाताना त्यांना भिंतीत दगडी हत्ती दिसला. शेवटच्या पायरीच्याही खाली, दुसऱ्या कुणीच न पाहिलेला. लग्न झाल्यावर पहिल्याच आठवड्यात त्यांनी ही गोष्ट नवऱ्याला सांगितली, आणि नवऱ्यानं विचारलं, "फोटू हाय का?"

"चाळीस वर्सं झालं भांडूलालो आमी त्या हत्तीवरून," अप्पा म्हणाले. "ती म्हणायची हाय, मी म्हणायचो न्हाई. जेवताना भांडण, पाहुण्यांपुढं भांडण. आता हत्तीचं नावच काढंना. मागं मीच काढलो. म्हणलं, तुझ्या विहिरीत हत्ती-बित्ती काय न्हाई. तर म्हणली, नसंल. नसंल म्हणली, बालाजी. भांडलीच न्हाई."

एवढं बोलून त्यांनी चष्मा काढून पायजम्याला पुसला.

"म्हणून कॅमेरा?" मी विचारलं.

"हातात फोटू आला की भांडंल. पाण्यात तिला भ्या न्हाई. तिचा भाऊ हाय सोबतीला, डॉक्टर बी म्हणला पाण्यात हात हलका चालतोय. पर कॅमेरा तिनं उजव्यानंच धरला पायजे." अप्पांनी घोट्यावरचा दोरा उगीच फिरवला. "जमिनीवर मी हाय की उचलायला. पाण्यात मी न्हाई."

दिवाळीनंतर, विहिरीला पाणी भरपूर असताना आणि ऊन चांगलं तापल्यावर, आम्ही गेलो. मी दुकान बंद ठेवलं. बायकोला कारण सांगितलं नाही, तिला माहीतच होतं. विहिरीवर काकूंचे भाऊ दिगंबरमामा पाण्यात उतरून तयार होते. ते साठीचे, पण पाण्यात मासा. अप्पांनी कॅमेरा बाहेर काढला, तसं काकूंनी मान फिरवली.

"मी न्हाई उतरत. ह्या वयात हसं करताव का माझं?"

मामा समजावायला लागले. मीही काहीतरी बोललो. काकू पायरीवर बसून राहिल्या. मला वाटलं, झालं. एवढे दिवस तासलेला भोपळा फुकट गेला.

अप्पा शांतपणे कॅमेरा पिशवीत घालायला लागले. "बरोबर हाय तुझं. नगं उतरू. हत्ती न्हाईच तिथं, उगं कामून भिजायचं?"

काकूंनी मान वळवली. "न्हाई?"

"न्हाई."

"तुमी बगितलाव का उतरून?"

"मला कुटं पोहता येतंय?"

"मंग गप बसा," काकू म्हणाल्या, आणि बसल्या बसल्या एकेक पायरी खाली सरकायला लागल्या.

मामांनी त्यांच्या कमरेला दोर बांधला. पाण्यात गेल्यावर काकूंचं शरीर एकदम सैल पडलं, घरी आल्यासारखं. दोराचं दुसरं टोक धरायला मी पुढं झालो, तर अप्पांनी ते माझ्या हातातून घेतलं. पायजमा वर गुंडाळला आणि ज्या माणसानं गोदावरीत दोन बोटं बुडवली होती तो एकेक पायरी पाण्यात उतरायला लागला. घोटा, मग गुडघा, मग मांडी. ओठ पुटपुटत होते, डोळे अर्धे मिटलेले. पण दोर सोडला नाही.

कॅमेरा काकूंच्या उजव्या हातात होता. तो बुडेना की हात वर ओढेना. हात पाण्यात त्याच्यासोबत आपोआप चालला. काकूंनी श्वास घेतला आणि तोंड पाण्यात घातलं. वर आल्या, पुन्हा गेल्या. तिसऱ्यांदा वर आल्या त्या ओरडतच. "दिग्या, हात सोड माझा. मला शिकवूलालास का?"

मुखेडकडच्या त्या विहिरीत मला माझ्या गल्लीतला आवाज ऐकू आला.

मग काकूंनी कॅमेरा पाण्याबाहेर काढला. बाहेर आल्याबरोबर तो जड झाला, हात थरथरला. पण तेवढं अंतर त्यांनी तो धरला आणि अप्पांच्या दोन्ही हातांत दिला.

काठावर येऊन अप्पांनी फोटो बघितला. मीही खांद्यावरून वाकलो. सगळं हिरवंगार, गाळाचे ठिपके, आणि मधोमध वरून खाली आलेलं काहीतरी जाडसर, राखाडी, शेवटाला जरा पुढं वळलेलं. अप्पा खूप वेळ बघत राहिले.

"सोंड," ते म्हणाले. "हाय की हत्ती. हरलो बाई मी."

"चाळीस वर्सं झालं सांगूलालीय," काकू डोकं पुसत म्हणाल्या. आणि निलंगा येईपर्यंत त्यांनी अप्पांना सोडलं नाही. कुठल्या पाहुण्यापुढं, कुठल्या सणाला त्यांना खोटं पाडलं होतं, सगळं बाहेर निघालं. अप्पा गाडीत खिडकीशी बसून नुसते हं, हं करत होते.

तो फोटो मोठा करून, फ्रेम करून अप्पांनी स्टुडिओत लावला, पासपोर्टच्या नमुन्यांच्या बरोबर मध्ये. कुणी विचारलं की सांगतात, "हत्ती. आमच्या सासुरवाडीच्या विहिरीतला. सोंड दिसंना का?" लोक बिचारे हो म्हणतात.

मी चौकस माणूस. एक दिवस अप्पा बाहेर गेले होते तेव्हा अगदी जवळ जाऊन बघितलं. सोंडेला खालच्या अंगाला एक बारीक काळी रेघ होती, गोल फिरलेली. काळा दोरा होता तो.

मी तसाच काकूंकडं गेलो. त्या शेंगा निवडत होत्या, दोन्ही हातांनी. माझ्या तोंडाकडं बघूनच त्यांनी ओळखलं.

"तुला बी दिसला का रं?" त्या हळूच म्हणाल्या. "हत्तीपत्तुर गेलेच न्हाई मी. दम पुरला न्हाई. बटन दाबलं, ह्यांचा पाय आला." मग शेंगांकडे बघत म्हणाल्या, "सांगू नको त्यांना. लई खूश हायेत."

मी म्हणालो, नाही सांगत.

दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पा दुकानात आले, रिकाम्या हातानं. तेलाच्या डब्यावर पायावर पाय टाकून बसले. माझी नजर नको म्हटलं तरी त्यांच्या घोट्याकडं गेली. अप्पांनी ते बघितलं. पायजमा खाली ओढून दोरा झाकला.

"पाव किलो फुटाणे दे, बोहनी कर," ते म्हणाले. "पुडी ढिली असली तरी चालंल. आता पडत न्हाई."